अण्णा, नातू कुणाकडून खेळणार?

आइंडहोव्हन, नेदरलँड्स
१५ फेब्रुवारी २०२६

ती. अण्णा आणि आई, सा. नमस्कार. दादा-वहिनींना नमस्कार, पोरांना गोड पापा.

आठवड्याला फोन होतोय की, मग पत्र कशाला, असं आई म्हणणार. पण परवा अण्णांनी जो बॉम्ब टाकला आणि लगेच फोन दादाच्या हातात देऊन ते मोकळे झाले, त्याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं, आणि व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं तर दादानं पहिल्या चार ओळी वाचून खाली अंगठा टाकला असता. आज महाशिवरात्र, खिचडी खाऊन झालीय, बाहेर पावसाची रिपरिप आणि गारठा, कुठं जायचं नाही, म्हणून निवांत बसून टाइप करतोय. दादा, याचा प्रिंट काढून अण्णांना दे रे, मोबाईलवर वाचायला लावू नको, डोळ्याचं ऑपरेशन झालंय त्यांचं.

तर अण्णांचा प्रश्न, आईला माहीत नसेल तर सांगतो. "नातू एवढा बॉलमागं पळतोय, मोठा झाला की कुणाकडून खेळणार, आपल्याकडून का त्या ऑरेंजवाल्यांकडून, म्हणजे नेदरलँड्सकडून?" आणि वर हेही, की तिथं जन्मून, तिथलं खाऊन-पिऊन, तिथल्या मैदानावर शिकून मोरोक्कोकडून खेळणारी ती पोरं म्हणजे सरळ गद्दार. मी तेव्हा हसून सोडून दिलं पण डोक्यातनं जाईना.

आधी हे सांगून टाकतो की आपल्या नातवाला कुठल्याच देशाचा फोन येणार नाहीये. गडी अकरा वर्षांचा आहे, अंडर १२ मध्ये डाव्या बाजूला डिफेन्सला उभा असतो, आणि बॉलपेक्षा समोरच्या टीमच्या पोराशी गप्पा जास्त मारतो. ट्रेनर म्हणतो पोरगं समजूतदार आहे, आता फुटबॉलमध्ये समजूतदार म्हणजे काय ते अण्णांना मी सांगायला नको.

पण प्रश्न खरा आहे, आणि इथं तो दर शनिवारी मैदानाच्या कडेला उभा असतो. सकाळी साडेआठला मॅच, कृत्रिम गवत, त्यातले काळे रबराचे दाणे बुटातनं घरी येतात आणि सोफ्याखाली, वॉशिंग मशीनमध्ये, एकदा तर भाताच्या डब्यात निघाले, ही रोज ओरडते. सगळ्या टीमचे शर्ट एका मोठ्या बॅगेत भरून दर आठवड्याला एका घरी धुवायला जातात, आळीपाळीनं. त्या बॅगेतल्या शर्टांवर नंबर असतात, नावं नसतात, पण नावं वाचली असती तर तुम्हाला गंमत वाटली असती, कारण टीममध्ये डच पोरं निम्मी आणि बाकी मोरोक्कन, तुर्की, सुरिनामी, एक पोलिश आणि आपला हा.

आमच्या टीमचा सेंटर फॉरवर्ड मोरोक्कन घरातला. त्याचा बाप सिटी बस चालवतो, माझी त्याच्याशी चांगली गट्टी जमलीय, थर्मासमधनं पुदिन्याचा चहा आणतो, इतका गोड की अण्णा तुम्ही खूश झाला असता आणि आईनं तुमचा कप काढून घेतला असता. या बसवाल्याचा बाप मोरोक्कोतल्या रिफच्या डोंगरातनं इथं कारखान्यात कामाला आला, १९६९ ला या दोन देशांचा कामगार आणायचा करार झाला त्यानंतरच्या लाटेत. हा स्वतः इथंच जन्मलेला, डच माझ्यापेक्षा शंभर पटीनं चांगलं बोलतो हे सांगायला नको. आता त्यांच्या घरात तीन पार्ट्या आहेत. बापाला वाटतंय पोरगं मोरोक्कोकडून खेळावं, पोराच्या खोलीत पोस्टर नेदरलँड्सच्या व्हॅन डाइकचं, आणि आजी म्हणते कुणाकडूनही खेळू दे पण आधी जेवून जाऊ दे. (आई, तुझी आणि त्या आजीची भेट घालून द्यायला पाहिजे.)

अण्णा, तुम्ही ज्यांना गद्दार म्हणालात त्यातला एक हकीम झियेश. हा इथला, ड्रॉन्टेनचा, बाप लहानपणीच गेला, घरात पोरंबाळं भरपूर. हीरनव्हेन, ट्वेंटे असे इथले क्लब करत वर आला, इथल्या ज्युनियर टीममधनं नेदरलँड्सकडून खेळला. २०१५ ला त्याला नेदरलँड्सच्या मेन टीमचं बोलावणंपण आलं, तेव्हा नेमका दुखापतीनं खेळू शकला नाही, आणि काही महिन्यांत त्यानं मोरोक्को घेतलं. पुढं मार्को व्हॅन बास्टेननं, म्हणजे तुमच्या आवडत्या ८८ च्या युरो कपच्या त्या गोलवाल्यानं, जो तेव्हा इथल्या टीमचा असिस्टंट कोच होता, त्याला जाहीरपणे मूर्ख पोरगा म्हटलं, की नेदरलँड्स मिळत असताना मोरोक्को घेतोय. मग काय झालं ऐका. २०१८ च्या वर्ल्ड कपला नेदरलँड्स क्वालिफायच झालं नाही, आणि मोरोक्को वीस वर्षांनी गेलं, झियेशला घेऊन. मूर्ख कोण ते तुम्हीच ठरवा.

आणि २०२२ चं तर तुम्ही स्वतः बघितलंय, रात्री जागून. बेल्जियमला हरवलं, स्पेनला पेनल्टीवर घालवलं, पोर्तुगालला एक गोलनं, आफ्रिकेतली पहिली टीम सेमीफायनलला. त्या २६ जणांतले १४ मोरोक्कोबाहेर जन्मलेले. चौघं तर आमच्या या देशातले, झियेश, मझरौवी, सोफ्यान अमराबात आणि रॉटरडॅमचा अबूखलाल. गोलकीपर बोनो जन्मला कॅनडात आणि गटात कॅनडाविरुद्धच मॅच. कोच रेग्रागी फ्रान्समध्ये जन्मलेला आणि सेमीफायनल फ्रान्सशी. स्पेनविरुद्धची शेवटची पेनल्टी मारली कुणी तर माद्रिदमध्ये जन्मलेल्या हकिमीनं, आणि तीपण कशी, गोलकीपर झोपल्यावर मधोमध हळूच उचलून. आई लोकांच्या घरची साफसफाई करायची, बाप रस्त्यावर सामान विकायचा. स्पेननं त्याला ज्युनियरला बोलावून बघितलं होतं, पण त्यानंच नंतर सांगितलं की तिथं घरच्यासारखं वाटलं नाही. आता याला तुम्ही गद्दारी म्हणणार?

त्या रात्री इथं आमच्या शहरातसुद्धा हॉर्न वाजवत गाड्या फिरत होत्या. दुसऱ्या दिवशी क्राउसस्ट्राटला, जिथं मी कोथिंबीर आणि मिरच्या आणायला जातो, त्या दुकानदारानं पैसेच घेतले नाहीत. मी त्याला सांगितलं मी मोरोक्कन नाही, तो म्हणाला आज सगळे मोरोक्कन. बाकी ठिकाणी काचा फुटल्या, पोलीस आले, तेही झालं, ते लपवत नाही, आणि मग टीव्हीवर आठवडाभर तेच, की यांचं पोट इथं आणि मन तिथं. बस चालवणारा आमचा मित्र तेव्हा एकच म्हणाला, मी इथं एवढी वर्षं टॅक्स भरतोय आणि मला एका मॅचसाठी हिशेब मागतात.

पण दुसरी बाजूपण आहे, आणि ती तेवढीच खरी. याच आइंडहोव्हनचा कोडी खाकपो. बापाचं मूळ टोगो-घानाकडचं, आई डच, इथल्याच गल्लीत वाढला, इथल्या पीएसव्ही क्लबात शिकला, नेदरलँड्स घेतलं आणि २०२२ ला गटातल्या तिन्ही मॅचमध्ये गोल. त्याला कुणी विचारलं नाही की टोगोचं काय. इब्राहिम अफेलाय, मोरोक्कन घरातला, यानं नेदरलँड्स घेतलं, पन्नासच्या वर मॅच खेळला, पण त्याला मोरोक्कन लोकांनी त्या वेळी काय काय ऐकवलं असेल ते विचारू नका. आणि स्पेनचा तो लामिन यामाल, बाप मोरोक्कोचा, आई इक्वेटोरियल गिनीची, मोरोक्कोनं पाय धरायचे बाकी ठेवले होते, पोरगं सोळाव्या वर्षी स्पेनकडून खेळलं आणि पुढच्याच वर्षी युरो जिंकलं. म्हणजे एकाच प्रकारची घरं, एकाच प्रकारच्या आया, आणि पोरं दोन्हीकडं गेलीत.

मला आता बरीच वर्षं इथं बघून जे वाटतंय ते असं, की ही पोरं छातीवर हात ठेवून एका क्षणात देश निवडत नाहीत, तसं फक्त पेपरात छापतात. आधी फोन कुणी केला, घरी चहाला कोण येऊन बसलं, कोचनं बेंचवर बसवलं का मैदानात उतरवलं, त्यावर निम्मं ठरतंय. मोरोक्कोची माणसं युरोपभर फिरतात, पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांच्या घरी जातात, आई-बापाशी त्यांच्या भाषेत बोलतात. उरलेलं निम्मं हिशेबावर. नेदरलँड्सच्या टीममध्ये त्या जागेवर आधीच तिघं लायनीत असले तर कोण थांबणार. हिशेब केला म्हणून प्रेम खोटं ठरत नाही ना, लग्नं काय बिनहिशेबाची होतात का आपल्याकडं?

आणि पोरं जेव्हा ठरवतात तेव्हा त्यांचं वय काय असतं बघा. मुनीर एल हद्दादी म्हणून एक आहे, माद्रिदजवळचा, मोरोक्कन बापाचा. बार्सिलोनात चमकला आणि सप्टेंबर २०१४ ला, वय अवघं १९, स्पेननं त्याला मॅसेडोनियाविरुद्ध शेवटची तेराएक मिनिटं मैदानात उतरवलं. मॅच युरो क्वालिफायरची, म्हणजे अधिकृत. पुन्हा काही बोलावलं नाही. त्या वेळी फिफाचा नियम असा, की सीनियर टीमची एक अधिकृत मॅच खेळलास की संपलं, शिक्का बसला. मोरोक्को २०१८ ला वर्ल्ड कपला निघालं, याला जायचं होतं, पार लवादापर्यंत केस गेली, नाही म्हणाले. मग २०२० ला फिफानं नियम सैल केला, की २१ वर्षांच्या आत तीनपेक्षा जास्त मॅच नसतील, त्यातली एकही वर्ल्ड कपची किंवा खंडाच्या मुख्य स्पर्धेची नसेल, आणि शेवटच्या मॅचला तीन वर्षं झाली असतील तर एकदा बदलू देऊ. तो खेळला मोरोक्कोकडून २०२१ ला. आणि २०२२ च्या त्या टीममध्ये? निवडच झाली नाही. तेरा मिनिटांपायी एक वर्ल्ड कप गेला आणि दुसरा फॉर्मपायी. मला झियेशपेक्षा, हकिमीपेक्षा या पोराची गोष्ट जास्त लागते. एकोणिसाव्या वर्षी कोच म्हणतोय ऊठ, वॉर्मअप कर, तेव्हा कुठलं पोरगं म्हणणार की थांबा, मला घरी आजीला विचारून येऊ द्या?

अण्णा, तुम्ही कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर चाळीस वर्षं मॅच बघताय. शिवाजी तरुण मंडळाचं पोरगं पाटाकडील तालमीच्या टीमकडं गेलं की गल्लीत काय होतं, ते मी लहानपणी तुमच्याच खांद्यावर बसून बघितलंय, आठ दिवस कट्ट्यावर दुसरा विषय नाही, आई-बापाला बोल लावतात, आणि पुढच्या हंगामात तेच पोरगं परत आलं की त्याच्याच नावानं हलगी. आणि केएसएचं, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनचं, रजिस्ट्रेशन संपायच्या आदल्या रात्री कोण कुणाच्या घरी जातं, काय शब्द देतं, कुणाच्या नोकरीचं बघतं, हे सगळं तुम्हीच तर आम्हाला जेवताना सांगायचा. तेव्हा तुम्ही कधी कुणाला गद्दार म्हटलेलं मला आठवत नाही. तुम्ही म्हणायचा, "पोराला खेळायला मिळालं पायजे." मग मोरोक्कोच्या पोरालाच का वेगळा न्याय?

बरं आता सुरिनाम, कारण आपला विषय तिथनंच आपल्यावर येतोय. आमचा ट्रेनर सुरिनामी हिंदुस्तानी आहे, त्याच्या खापरपणजोबाला इंग्रजांच्या काळात बिहारकडनं उसाच्या मळ्यावर नेलेलं, घरात अजून भोजपुरीसारखी भाषा बोलतात, माझं हिंदी त्याला निम्मं कळतं, त्याचं मला पाव. सुरिनाम १९७५ पर्यंत डचांकडं होतं, स्वातंत्र्याच्या वेळी केवढीतरी माणसं इकडं आली. डच टीमचे गुलिट, रायकार्ड यांचे बाप तिथले, सीडॉर्फ आणि डाविड्स तर जन्मलेच पारामारिबोत. म्हणजे ८८ चा जो युरो कप तुम्ही ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर बघितला त्यात सुरिनामचा मोठा वाटा. आणि खुद्द सुरिनामला काय मिळालं? काही नाही. कारण त्यांचा कायदा आपल्यासारखाच, दोन नागरिकत्वं चालणार नाहीत, डच पासपोर्ट घेतलास तर आमचा शर्ट नाही. असे चाळीसेक वर्षं बसले. शेवटी २०१९ ला त्यांनी खेळाडूंसाठी एक वेगळा पासपोर्ट काढला, मतदान-बितदान नाही, पण मूळ इथलं असेल तर टीममध्ये ये. २०२१ च्या गोल्ड कपला तशी पोरं घेऊन उतरले, आणि आता मार्चमध्ये वर्ल्ड कपच्या प्लेऑफला बोलिव्हियाशी खेळणार आहेत. ट्रेनरनं आत्तापासनं सुट्टी टाकलीय.

त्यांच्या शेजारचं कुरासाव तर वर्ल्ड कपला गेलंच. नोव्हेंबरात किंग्स्टनला जमैकाशी शून्य-शून्य केलं आणि क्वालिफाय. लोकसंख्या दीड लाखाच्या आसपास, एवढा छोटा देश वर्ल्ड कपला आजवर गेला नव्हता. आणि टीम सगळी इथलीच, कॅप्टन बाकुना आणि त्याचा भाऊ दोघं इथल्या ख्रोनिंगनचे, कुरासावमध्ये जन्मलेला त्यांच्यात बहुतेक एक चोंग. त्यांचं बरं आहे, ते डच राज्यातच येतात, पासपोर्ट एकच आणि शर्ट कुठलाही. गटात पहिलीच मॅच जर्मनीशी आहे, जूनमध्ये, मी सुट्टी टाकायची म्हणतोय पण हिला अजून सांगितलं नाही, आई तूपण सांगू नको.

आणि आपण? अण्णा, राग धरू नका, पण तुम्ही नातवाला विचारताय की आपल्याकडून खेळशील का, आणि त्यानं इथला पासपोर्ट घेतला की आपला कायदा म्हणतोय खेळू देणार नाही. आपल्याकडं दुहेरी नागरिकत्व नाही. दुसरा पासपोर्ट घेतला की भारताचा आपोआप गेला, मग मिळतं ते ओसीआय कार्ड, त्यावर येऊन राहा, काम करा, लग्नाला या, पण २००८ पासनं सरकारचं धोरण असं की भारताकडून खेळायचं तर भारतीय पासपोर्टच लागतो. आमच्या ट्रेनरच्या पोरालासुद्धा ओसीआय मिळू शकतं, २०२३ ला आपल्या राष्ट्रपती पारामारिबोला जाऊन सांगून आल्या की तिथल्यांना आता सहाव्या पिढीपर्यंत देऊ. सहाव्या! पण त्या सहा पिढ्यांतल्या एकालाही निळा शर्ट नाही.

कुणाला घालायचाच असेल तर दुसरा पासपोर्ट सोडून या. अराता इझुमी आठवतोय का, पुणे एफसीचा, आपण दोघं बालेवाडीला मॅच बघायला गेलो होतो आणि तुम्ही म्हणाला होता हा जपानी काय पळतोय. बाप गुजराती, आई जपानी. त्यानं जपानचा पासपोर्ट सोडला आणि २०१३ ला भारताकडून खेळला. आणि आता रायन विल्यम्स, पर्थचा, आई मुंबईत जन्मलेली अँग्लो-इंडियन, आजोबा पन्नासच्या दशकात संतोष ट्रॉफीत मुंबईकडून खेळलेले. इंग्लंडमध्ये खेळला, ऑस्ट्रेलियाकडून एक मैत्रीची मॅचपण खेळला, मग बेंगळुरू एफसीला आला, ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडलं, आणि गेल्या नोव्हेंबरात छेत्रीच्या हातून भारताचा पासपोर्ट घेतला. लगेच ढाक्याला टीमबरोबर गेला, तर ऑस्ट्रेलियाच्या फेडरेशनचा कागद वेळेत आला नाही, म्हणून बाहेर बसून बघायची पाळी. आणि समोर कोण खेळत होतं, हमझा चौधरी. लेस्टरचा, इंग्लंडच्या अंडर २१ मध्ये खेळलेला, आई बांगलादेशी. त्यानं ब्रिटिश पासपोर्ट सोडला नाही, कारण बांगलादेशला दोन चालतात. गेल्या मार्चमध्ये शिलाँगला आपल्याविरुद्धच पहिली मॅच खेळला, शून्य-शून्य. ढाक्याला ते एक-शून्यनं जिंकले, बावीस वर्षांनी आपल्याला हरवलं. आपण चाळिशीतल्या छेत्रीला निवृत्तीतनं परत आणलं होतं, ते वेगळंच.

मी असं म्हणत नाही की ओसीआयवाली पोरं आली की आपण लगेच वर्ल्ड कप खेळू, तसलं काही नाही. आपल्या अनिकेत जाधवनं कोल्हापुरातनं निघून २०१७ चा अंडर १७ वर्ल्ड कप खेळला तो काही कुणाच्या पासपोर्टवर नाही. मैदानं, लीग, पगार वेळेवर, हे आधी. आणि कायदा का तसा आहे हेपण कळतंय मला, आपल्या देशात नागरिकत्व हा फुटबॉलपेक्षा फार मोठा विषय आहे, फाळणीपासनंचा. पण मग पोरांना तरी निष्ठेची परीक्षा द्यायला लावू नये. दार आपणच आतनं लावायचं आणि वर म्हणायचं ये की, का येत नाहीस?

आता घरचं सांगतो, ज्यासाठी खरं तर हे एवढं लिहिलं. आमचा नागरिकत्वाचा फॉर्म म्हणून एक कागद फ्रीजवर मॅग्नेटखाली लावलाय, बरेच महिने. वर्षं भरलीत, भाषेची परीक्षा झाली, मी भरला की पोरगाही माझ्याबरोबर डच होतो. इथं जन्मला म्हणून तो आपोआप डच नाहीये, हे तुम्हाला माहीत नसेल, त्याचा पासपोर्ट आजही भारताचाच. म्हणजे या घडीला तो फक्त आपल्याकडून खेळू शकतो आणि ऑरेंजकडून नाही, आणि मी सही केली की बरोबर उलटं. आमच्या बसवाल्या मित्राकडं दोन्ही पासपोर्ट आहेत, कारण मोरोक्कोचं नागरिकत्व सोडतो म्हटलं तरी ते सोडू देत नाहीत आणि डचांनी ते मान्य केलंय. आपल्याकडं मात्र हेगला एम्बसीत जाऊन निळा पासपोर्ट परत द्यायचा, आणि ते त्यावर कॅन्सलचा शिक्का मारून हातात देतात.

ही म्हणते करून टाक, पोराच्या शिक्षणाला, फिरायला, सगळ्याला सोपं. तिचं बरोबर आहे. नोकरीत मंदीची कुजबुज चालू आहे, कंपनीनं माणसं कमी करायचं जाहीर केलंय, व्हिसावर लटकत राहण्यात अर्थ नाही. मी सही करायला बसतो आणि उठतो. त्याला फुटबॉलचं कारण आहे असं नाही. तुम्ही २००३ ला मला पासपोर्ट काढायला पुण्याला घेऊन गेला होता, एसटीनं, तीन हेलपाटे घातलेले, पोलीस व्हेरिफिकेशनला तुम्ही स्वतः चौकीत जाऊन बसलेला, ते डोक्यात येतं एवढंच.

पोराला विचारलं मी, सहज. तुला दोन्हीकडनं बोलावलं तर कुठं जाशील? तो बूट घासत होता, ते रबराचे दाणे काढत. म्हणाला, गोलकीपर कोण आहे त्यावर. मी म्हटलं म्हणजे? तर म्हणाला, आपला गोलकीपर चांगला असला की डिफेन्सला त्रास होत नाही. झालं. अण्णा, तुमच्या प्रश्नाचं त्याच्याकडनं आलेलं उत्तर हे असं आहे.

२०२३ ला दिवाळीच्या दिवशी बेंगळुरूला भारत-नेदरलँड्सची क्रिकेटची मॅच होती, त्या वर्ल्ड कपच्या डच टीममध्ये विजयवाड्यात जन्मलेला तेजा होता, पंजाबात जन्मलेला विक्रमजीत होता, हेगचा आर्यन दत्त होता. तुम्ही फोनवर म्हणाला होता, बघ आपली पोरं कुठं कुठं पोचली. तेव्हा ती आपली होती. तेवढंच लक्षात आणून देतो, बाकी तुमच्याशी वाद घालायची माझी टाप नाही.

मेमध्ये येतोय आम्ही, तिकिटं काढलीत, मुंबईला उतरून रात्रीच्या गाडीनं. हंगाम तोवर संपत आलेला असेल पण एखादी फायनल मिळाली तर दादा तिकिटं धरून ठेव, पोराला गॅलरीत बसवायचंय, प्रेक्षागृहात नको, हलगी ऐकू आली पाहिजे. आणि फॉर्मचं काय करू ते अण्णा तुम्ही सांगा, पण फोनवर नको, तुम्हीपण लिहून पाठवा, दादा टाइप करून देईल. आईचे गुडघे कसे आहेत ते कळवा, इथनं जे तेल पाठवलं होतं ते लावते का नुसतं कपाटात ठेवलंय?

वहिनी, मेतकुटाची आणि कांदा-लसूण मसाल्याची पाकिटं करून ठेवा, कस्टमवाले काही म्हणत नाहीत, फक्त डबल पॅकिंग करा, गेल्या वेळी बॅग उघडली तर पोराच्या फुटबॉलच्या मोज्यांना मसाल्याचा वास, आणि तो तसेच घालून मॅचला गेला.

तुमचा,
धाकटा